गोधडी, बर्फ आणि अठ्ठावीस फेब्रुवारी

आमच्या घरात जेवणाचं टेबल जेवायला कमीच वापरलं जातं. त्याच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागावर माझी गोधडी पसरलेली असते आणि भिंतीकडच्या अर्ध्या भागावर कुणाचा ना कुणाचा तरी प्रकल्प. पुठ्ठे, फेव्हिकॉल, सेल, वायरी, प्लॅस्टिकच्या बाटल्या. मधोमध लोणच्याची बरणी. ती आमची सीमारेषा. सूनबाई रोज विचारते, "आई, आज पानं कुठे मांडू?" आणि मी रोज सांगते, "आजच्या दिवस खालीच बसू."

हे सगळं फेब्रुवारीत जास्त. अठ्ठावीस फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली या तारखेला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून देशभर तो साजरा होतो. शाळाशाळांतून प्रदर्शनं भरतात. आणि प्रदर्शनं भरली की आमच्या दारात चपला वाढतात. नात सातवीत. तिच्या दोन मैत्रिणी. वरच्या मजल्यावरचा पाचवीतला. शिवाय स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा मुलगा, नववीतला, तो महानगरपालिकेच्या शाळेत जातो. सगळ्यांना वाटतं आजी मास्तरीण होत्या, म्हणजे त्यांना सगळं येतं.

आता मी आहे बी.ए., मराठी आणि इतिहास घेऊन, तेही मराठी माध्यमातून. पस्तीस वर्षं शिकवलं ते मराठी आणि इतिहासच. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की तासाला जायचे, ते मुलांना गप्प बसवायला. बेडकाच्या जीवनचक्राचा तक्ता फळ्याला लावायचा आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यायचा, एवढंच माझं विज्ञान. पण हे पोरांना कोण सांगणार? २००९ साली निवृत्त झाले. सोळा वर्षं होऊन गेली, तरी कुणी "बाई" म्हटलं की माझा कणा ताठ होतो.

गोधडीचं मात्र मला खरंच येतं. आत्याकडून शिकले. आमच्याकडे सातारच्या बाजूला वाकळही म्हणतात, पुण्यात आल्यावर गोधडी म्हणायला लागले. जुनं सुती लुगडं तळाला, वर लुगडंच, मध्ये पोटात जुनेराचे थर, आणि वरून जमतील तसे रंगीत तुकडे. कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात फिरत फिरत आत मध्यापर्यंत यायचं. टाका भाताच्या दाण्याएवढा असावा असं आत्या म्हणायची. माझा हल्ली चवळीएवढा होतो. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यामुळे दिवसाउजेडीच शिवते. दिव्याखाली पांढऱ्यावर पांढरा दोरा दिसत नाही. म्हणजे माझ्या हातात सकाळी दहा ते बारा आणि दुपारी तीन ते साडेपाच एवढाच वेळ. आणि पोरांची शाळा सुटते अडीचला. आलं लक्षात?

यंदाची गोधडी साधी नव्हती. माझी थोरली बहीण, आमची ताई, २०२३ च्या दिवाळीनंतर गेली. तिची मुलगी नाशिकला असते, तिला मार्चमध्ये बाळ व्हायचं होतं. पहिलंच, तेही बऱ्याच वर्षांनी. ताई असती तर तिने दुपटी-झबली शिवून घर भरून टाकलं असतं. "माय मरो पण मावशी उरो" ही म्हण मला कधीच आवडली नाही. आई मरावी असं म्हणणारी कसली म्हण! पण भाचीने फोनवर म्हटलं, "मावशी, आईच्या साड्या कपाटात तशाच आहेत, काय करू?" तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पाठव माझ्याकडे." सात साड्या आल्या. एक मोतिया रंगाची, हिरव्या काठाची, जी ती नोकरीच्या शेवटच्या दिवशी नेसली होती. दोन इरकली, अगदी विरून मऊ झालेल्या. तीन रोजच्या. आणि एक लालभडक सुती, जिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्या दिवाळीला घेतली होती. नेसायची राहून गेली.

साड्यांना ताईच्या कपाटाचा वास होता. वाळा, डांबरगोळी आणि तिचं ते चंदनाचं साबण. मी त्या धुतल्या नाहीत. शिवणारी कोणीही सांगेल, आधी सगळं कापड मिठाच्या पाण्यात भिजवायचं, रंग जातो का बघायचं, वाळवायचं, मग कात्री लावायची. मी शाळेत मुलींना शिवणाच्या तासाला हेच सांगत आले. पण धुतलं असतं तर वास गेला असता. मुद्दाम धुतल्या नाहीत.

असो. तर जानेवारीच्या शेवटी नात आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "आजी, यावर्षी मी ज्वालामुखी करणार नाही."

यामागे एक कथा आहे आणि ती माझ्या बाजूने चांगली नाही. गेल्या वर्षी तिने ज्वालामुखी ठरवला होता. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. तेव्हा माझ्याकडे एका ओळखीच्या बाईंची डबल बेडची गोधडी होती, द्यायची तारीख जवळ आलेली. पोरगी कागदाचा लगदा करत बसली, तो काही डोंगराच्या आकाराला येईना. एक दुपार गेली, दुसरी गेली. तिसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी तासाभरात तो डोंगर उभा करून टाकला. रंगवला. झाडं लावली. पायथ्याशी एक छोटं कौलारू घरसुद्धा केलं. किती सुबक झालं म्हणून सांगू! मग मी निवांत गोधडी शिवायला बसले. दोन्ही कामं मार्गी लागली, असं मला वाटलं.

प्रदर्शनात परीक्षकांनी तिला विचारलं, "बाळ, व्हिनेगरऐवजी लिंबू वापरलं तर काय होईल?" तिला सांगता आलं नाही, कारण आम्ही काही करूनच पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "हे घर कशाचं केलंय?" तेही तिला माहीत नव्हतं. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते प्रशस्तिपत्रक तिने मला दाखवलं नाही, आईला दाखवलं. मी विचारलं तर म्हणाली, "ते तुझं आहे. तुला हवं तर घे." त्यात राग नव्हता. नुसतं सांगितलं. तेच जास्त लागलं.

म्हणून यंदा मी ठरवलं होतं की हात लावायचा नाही. हात मागे बांधून बसायचं. (मागे बांधले तर शिवणार कसं, हा प्रश्न वेगळा.)

विषय कसा मिळाला ते सांगते. मी गोधडी शिवत होते आणि ती थंडी वाजते म्हणून माझ्या मांडीवरच्या शिवलेल्या भागात पाय घालून बसली होती. म्हणाली, "आजी, ही आतून तापते का गं? आधी गार लागते आणि मग गरम होते." मी म्हटलं, तापत असणार. मग माझ्याच मनात आलं, गोधडी कशी तापेल? तिच्यात काय निखारे आहेत? मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही." पस्तीस वर्षांत हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेन? एकदाही आठवत नाही.

संध्याकाळी चिरंजीव आले. ते कॉम्प्युटरवाले. त्यांनी उत्तर सांगायला तोंड उघडलं आणि मी त्यांना स्वयंपाकघरात चहा करायला पाठवलं. पोरीनेच प्रयोग शोधला. म्हणाली, गोधडी गरम असेल तर तिच्यात बर्फ ठेवला तर तो लवकर वितळायला हवा. सरळ गोष्ट. आमच्या घरात पैजा लागल्या. नात, तिच्या दोन्ही मैत्रिणी आणि वरच्या मजल्यावरचा पाचवीतला, सगळ्यांचं मत एक: गोधडीतला बर्फ आधी वितळणार. खरं सांगते, मलाही आतून तसंच वाटत होतं. फक्त स्वयंपाकाच्या मावशी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "अहो आजी, बर्फवाला बर्फ पोत्यात गुंडाळतो की. वितळायला गुंडाळतो व्हय?"

एवढी वर्षं मी गोळेवाल्याच्या गाडीवर ते ओलं पोतं बघत होते. लाकडाच्या भुशात पुरलेल्या लाद्या पाहिल्या होत्या. कधी विचार केला नाही.

दोन सारखे स्टीलचे डबे. प्रत्येकात एकाच ट्रेमधले सहा-सहा खडे. एक डबा तसाच टेबलावर, दुसरा जुन्या गोधडीच्या चार घड्यांत. दर अर्ध्या तासाने डबा उघडून पाणी औषधाच्या मापात ओतून मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ. एकीने डबा उघडा ठेवला. दुसरीने मोजायच्या आधी एक खडा तोंडात टाकला. मी तोंड घट्ट मिटून शिवत बसले होते. अंगुस्तान घातलेलं बोट नुसतं टेबलावर आपटत होतं. "अगं, झाकण!" हे शब्द किती वेळा गिळले ते माझं मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी मात्र नीट झालं. उघड्यावरच्या डब्यातला बर्फ दीड तासाच्या आत संपला. गोधडीतला तीन तासांनी उघडला तर निम्म्याच्या आसपास खडे तसेच! पोरी किंचाळल्या. वरचा पाचवीतला म्हणाला, "म्हणजे गोधडी थंड असते!"

मग दोन दिवस त्यावर वाद. थंड की गरम. नात पाठ्यपुस्तक घेऊन बसली. ती सेमी-इंग्लिशवाली, त्यामुळे तिच्या पुस्तकात कंडक्शन, माझ्या डोक्यात वहन. ती वाचायची, मी मराठी शब्द द्यायची, आणि असं करत करत आम्हा दोघींना कळलं. गोधडी गरमही नसते, थंडही नसते. ती नुसती वाट अडवते. आणि अडवते तीसुद्धा कापडाने कमी, कापडाच्या थरांत अडकून पडलेल्या हवेने जास्त. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. थंडीत आपली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तशीच बाहेरची उष्णता बर्फापर्यंत जाऊ देत नाही. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ऐंशी कॅलरी उष्णता लागते, ती त्याला सावकाश मिळते, म्हणून तो टिकतो. आधी गार लागते आणि मग ऊब येते, कारण मधल्या वेळात आपणच तिला तापवलेलं असतं.

आत्या टाके फार आवळू द्यायची नाही. म्हणायची, "आवळू नको गं, तिला श्वास घेऊ दे." मी ते मायेचं बोलणं समजत होते. टाका आवळला की थर चेपतात, चेपले की हवा जाते, हवा गेली की ऊब जाते. आत्या शाळेची पायरी चढली नव्हती.

हे सगळं कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. १९८७ आठवलं. तो पहिलाच विज्ञान दिन, वरून परिपत्रक आलेलं, आणि पाटण तालुक्यातल्या आमच्या शाळेत प्रदर्शन भरवायचं होतं. मांडणी माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. तालुक्याहून साहेब यायचे होते. एका मुलाने कोयना धरणाची प्रतिकृती आणली होती, बटण दाबलं की दिवे लागायचे. अर्थात वडिलांनी केलेली. ती मी दारासमोर मांडली, खाली इस्त्रीची चादर घालून. आणि एक सहावीतला मुलगा आला, त्याच्या हातात एक पोतं. पोत्यात भाताचा पेंढा गच्च भरलेला आणि मधोमध काजळीने काळं झालेलं एक पातेलं. त्याची आई रानात जाताना भाताला एक उकळी आणायची आणि पातेलं पेंढ्यात पुरून जायची. दुपारी आली की भात तयार. त्याने पुठ्ठ्यावर कोळशाने लिहिलं होतं, सरपण वाचवा.

मी त्याला व्हरांड्यात, दाराच्या मागे बसवला. काजळीने चादर खराब झाली असती. तो दोनदा आत येऊन म्हणाला, "बाई, भात झालाय. गरम आहे. बघा की." मी म्हटलं, "हो, येते. साहेब येऊन जाऊ देत." साहेब आले, धरणाचे दिवे लागले, फोटो निघाला, चहा झाला. व्हरांड्यात कोणी गेलंच नाही. संध्याकाळी आमच्या शिपायांनी तो भात खाल्ला आणि मला येऊन सांगितलं, "बाई, अजून कोमट हाय." सकाळी आठला पुरलेला भात! मी अहवाल लिहिला चार पानी. त्यात त्या मुलाचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी त्याने काही आणलं नाही. मीही विचारलं नाही.

गोधडी आणि ते पोतं यात काही फरक नाही, हे कळायला मला अडतीस-एकोणचाळीस वर्षं लागली. आणि खरं तर कळायची गरज नव्हती. नुसतं उठून बघायला जायचं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते, जी सांगायची टाळते आहे. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की प्रयोग तीनदा करा आणि वेगवेगळी कापडं घेऊन करा. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. माझी गोधडी मध्यापर्यंत आली होती. मध्यभागी ताईच्या त्या लाल साडीचा चौकोन, त्याच्याभोवती मोतिया. हाताएवढंच काम उरलं होतं. दुपारी जेवून जरा आडवी झाले, डोळा लागला. उठून बाहेर आले तर टेबलावर माझी गोधडी गुंडाळलेली आणि तिच्यातून पाणी टपकतंय. नातीला जास्त थरांची गोधडी हवी होती. जुनीपेक्षा ही जाड. डबा आत आडवा झाला होता, झाकण निघालं होतं.

मी उलगडली. लाल चौकोनाचा रंग सुटून भोवतीच्या मोतिया कापडावर पसरला होता. ताईने नोकरीच्या शेवटच्या दिवशी नेसलेली साडी, गुलाबी झालेली.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. फार बोलले. शाळेतला आवाज लावून बोलले. तिच्या मैत्रिणी चपला घालून निघून गेल्या. ती उभी होती, हातात वही. रडली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "आजी, तू आधी धुवून बघितलं नव्हतंस? तू तर सांगतेस, रंग जातो का आधी बघायचं." मी म्हटलं, "खोलीत जा."

मग मी ती गोधडी मिठाच्या पाण्यात घातली. मग साबणात. मग परत थंड पाण्यात. तीनदा. लाल कमी झालं, गुलाबी राहिलं. वाळत घातली गच्चीत, दोन दिवस लागले, पोट जाड ना. वाळल्यावर खाली आणली आणि नाकाला लावली. उन्हाचा वास होता. आमच्या घरच्या साबणाचा होता. वाळा नाही, डांबरगोळी नाही, चंदनही नाही.

दोन दिवस नात माझ्याशी कामापुरतं बोलली. मीही. तिसऱ्या दिवशी टेबल आवरताना तिची प्रयोगवही उघडी दिसली. वाचायला नको होती, पण शिक्षिकेची खोड, वही दिसली की हात जातो. तक्ता होता. तारीख, वेळ, कापड, पाणी किती मिलिलिटर. त्या दिवसाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: "गोधडी ओली झाली. त्यानंतर बर्फ लवकर वितळला. लाल कापडाचा रंग गेला. आजी ओरडली. प्रयोग बंद केला."

त्या पाचही गोष्टी खऱ्या होत्या. वाढवून काही लिहिलं नव्हतं, लपवून काही ठेवलं नव्हतं. मी शाळेत वर्षानुवर्षं निरीक्षणाच्या वह्या तपासल्या, त्या सगळ्यांत प्रयोग नेहमी यशस्वीच झालेला असायचा.

संध्याकाळी तिला हाक मारली. म्हटलं, "लाल कापड मी तपासलं नव्हतं. चूक माझी." का तपासलं नव्हतं तेही सांगितलं. ताईआजीच्या वासाचं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आता गेला का वास?" म्हटलं, "गेला." ती जवळ येऊन बसली. काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, पण ओल्या गोधडीत बर्फ लवकर का वितळला?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. चल बघू." हे दुसऱ्यांदा म्हटलं, या वेळी सोपं गेलं. उत्तर असं मिळालं की कापडातल्या हवेच्या जागी पाणी शिरलं, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. तिने ते वहीत स्वतःच्या शब्दांत लिहिलं. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं. मी पेन खाली ठेवलं.

प्रदर्शनाचं फार सांगण्यासारखं नाही. नंबर आला नाही. तिने जुनी गोधडी, दोन डबे आणि वही मांडली होती. शेजारी दिव्यांनी चमकणारी सूर्यमाला होती, गर्दी तिकडे. मी लांब उभी राहिले. एका परीक्षक बाईंनी वही हातात घेतली आणि उभ्या उभ्या चार पानं वाचली. "आजी ओरडली" तिथे हसल्या असाव्यात. मग त्यांनी खुर्ची ओढली, नातीसमोर बसल्या, आणि दहा मिनिटं दोघींचं काहीतरी चाललं होतं. काय ते मी विचारलं नाही. मावशींचा मुलगा सौरचूल घेऊन गेला होता, त्याचा मात्र त्याच्या शाळेत दुसरा नंबर आला. ती त्याने पूर्ण स्वतः केली, आरसे जुन्या कपाटाचे. मी फक्त मथळा लिहून दिला, अक्षर चांगलं म्हणून.

या सगळ्यात गोधडीची तारीख टळली. बाळ लवकर आलं, पाच मार्चला. मुलगा. बारशाला मी रिकाम्या हाताने, म्हणजे चांदीचा वाळा घेऊन गेले. भाची काही बोलली नाही, पण तिची नजर माझ्या पिशवीकडे गेली ते मी पाहिलं. परत आल्यावर उरलेला हाताएवढा भाग शिवायला घेतला. शेवटच्या चार ओळी नातीने घातल्या. तिचा टाका चवळीपेक्षा मोठा, वालाएवढा, आणि तिरका. उसवावा असं वाटत होतं, नाही उसवला. आत्याच्या पद्धतीप्रमाणे मिटण्याआधी आत तांदळाचे चार दाणे घातले, गोधडीचं पोट उपाशी राहू नये म्हणून. नात म्हणाली, "आजी, याला काही शास्त्रीय कारण आहे?" म्हटलं, "नाही. तरी घालायचे."

एप्रिलमध्ये दोघी नाशिकला गेलो. भाचीने गोधडी उलगडली, मांडीवर पसरली आणि नाकाला लावली. मला हेच होईल असं वाटत होतं. मी सगळं सांगून टाकलं, साड्या न धुतल्याचं, बर्फाचं, रंगाचं, तीनदा धुतल्याचं. ती गुलाबी डागावरून हात फिरवत ऐकत होती. म्हणाली, "ती लाल साडी मीच घेऊन दिली होती आईला, दिवाळीला." मग थोडं थांबून, "माझ्याकडे एक ब्लाउज आहे तिचा. तो नाही धुतलाय मी."

बाळाला गोधडीवर ठेवलं. दहा मिनिटंही झाली नसतील, त्याने आपलं काम केलं. अगदी मधोमध, लाल चौकोनावर. आम्ही दोघी बघतच राहिलो. मग भाची जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मावशी, तू वासाचं काय घेऊन बसलीस! दुपटं आहे ते, रोजच धुवावं लागणार!"

तेवढ्यात नात पुढे झाली, बाळाला अलगद उचललं आणि म्हणाली, "हसताय काय? ओली झालीये ती. आतली हवा गेली. गार लागेल त्याला, दुसरी द्या."